गोमुखी दरवाजा

"मालन, मला खाली घे."

सिंधू तरंगे हे म्हणाली तेव्हा ती आमच्या किल्ल्याच्या उजव्या बुरुजाशी, बांबूच्या शिडीवर उभी होती. मी खाली शिडी धरून होते.

"अजून पताका राहिल्यात की," मी म्हणाले.

"राहू देत. मला गरगरतंय."

ती उतरली, शेवटच्या दांडीवर अडखळली आणि माझ्या अंगावरच आली. अंग तव्यासारखं तापलं होतं. ओठ सुकून पांढरे पडले होते. "ऊन लागलं असंल," असं म्हणून तिने ओढणीने तोंड पुसलं, पण त्या तोंडावर घामाचा थेंबही नव्हता.

किल्ला म्हणजे आमच्या तळाचं प्रवेशद्वार. माण भागातल्या एका पाझर तलावाच्या काठी, उघड्या माळावर, जिल्ह्यातल्या गाईड मुलींचा मेळावा भरला होता. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. आम्ही नववीतल्या. प्रत्येक शाळेने आपापले तंबू ठोकायचे, चुली मांडायच्या, स्वतः रांधायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर तपासणीला तयार राहायचं. ज्यांचा तळ सगळ्यांत नेटका, त्यांना निळं रेशमी निशाण. आमच्या खेड्यातल्या कन्याशाळेला ते आजवर एकदाही मिळालं नव्हतं. दरवर्षी ते शहरातली एक मोठी शाळा घेऊन जायची आणि जाताना आमच्या तळावरून मुद्दाम मिरवत न्यायची.

त्या वर्षी संघनायिका मी होते, म्हणजे आमच्या तुकडीची पुढारी. निशाण आणायचंच, असं मी शाळेच्या पायरीवर उभं राहून सगळ्यांदेखत सांगून आले होते. मला तेव्हाही कमी बोलणं जमायचं नाही आणि आताही जमत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यात फुशारकी वाटली तर खुशाल वाटू द्या. माझा नातू म्हणतो, आजी तीच गोष्ट पुन्हा सांगते. सांगते बाबा. सांगण्यासारखी आहे म्हणून सांगते.

आमचा तळ खरंच बघण्यासारखा होता. जंगम बाई आमच्या कॅप्टन. त्या इतिहास शिकवायच्या आणि स्वच्छतेच्या बाबतीत कुणाची गय करायच्या नाहीत. भांडी जमिनीवर दिसता कामा नयेत, म्हणून आम्ही बांबूची मांडणी बांधली होती. खरकट्याला झाकणाचा खड्डा, हात धुवायला राख आणि साबण. पाणी तर बाई स्वतः उभ्या राहून उकळून घ्यायच्या, दुहेरी फडक्यातून गाळायला लावायच्या आणि घडवंचीवर झाकून ठेवायच्या. पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं. कुणाचा हात हंड्यात गेला की सगळा हंडा ओतून पुन्हा उकळायला लावायच्या. सकाळी हंडे भरले की बाई आपला फिरकीचा तांब्या भरून घेत आणि आम्हाला दाखवून फिरकी घट्ट करत. "असं पाणी तुम्हाला घरीसुद्धा मिळायचं नाही," असं म्हणत.

आणि त्या सगळ्यावर सिंधूचा किल्ला. ती मुलगी हातात सुतळी घेतली की भान विसरायची. तट्टे गोल वळवून तिने दोन बुरूज उभे केले होते, पुरुषभर उंचीपेक्षाही उंच, आणि ते गेरूने असे रंगवले होते की लांबून दगडीच वाटावेत. मधल्या कमानीला माझ्या आईचं हिरवं इरकल लुगडं सोडलं होतं. आमचं भांडण फक्त एकदाच झालं, बांधायच्या आदल्या दिवशी.

"मला गोमुखी करायचाय दरवाजा," ती म्हणाली होती.

बाईंनी सहलीत एका किल्ल्यावर तसला दरवाजा दाखवला होता. समोरून पाहिलं तर नुसती भिंत दिसते. दोन बुरूज एकमेकांना असे वळसा घालून उभे असतात की दरवाजा पोटात दडून राहतो. आत जाणाऱ्याला वळण घ्यावं लागतं आणि बाहेरच्याला आतलं काही दिसत नाही. सिंधू तिथे इतका वेळ उभी राहिली की बस सुटायची वेळ आली होती.

"अगं, तपासणीला येणाऱ्या बाईंना लांबनं दरवाजा दिसला पाहिजे," मी म्हणाले. "तुझा दरवाजा सापडलाच नाही तर गुण कशाला देतील?"

ती हिरमुसली, पण ऐकलं. सरळ कमान केली.

आता ती त्याच कमानीच्या सावलीत मांडी घालून बसली होती आणि तिचे दात वाजत होते. भर उन्हात. मी कपाळावर ठेवायला फडकं भिजवावं म्हणून हाताशी होता तो बाईंचा तांब्या घेतला. फिरकी काढली तर तो काठोकाठ भरलेला, अर्धा माझ्या अंगावर सांडला. मला काही त्याचं वाटलं नाही. बाई कॅप्टनांच्या बैठकीला गेल्या होत्या. मी रुक्साना मुलाणीला प्रथमोपचाराच्या तंबूकडे पिटाळलं.

वाघमारे सिस्टर पिशवी घेऊन आल्या. त्यांनी ताप पाहिला, डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली आणि विचारलं, "सकाळपासनं पाणी किती प्यालीस?"

सिंधू ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली.

"काल?"

सिंधूने माझ्याकडे पाहिलं. सिस्टर तिच्याजवळ वाकल्या आणि हळू आवाजात काहीतरी विचारलं. सिंधूने मान हलवली. आणखी काहीतरी विचारलं. सिंधूने पोटाखाली हात धरून डोळे मिटून घेतले.

सिस्टर उठून उभ्या राहिल्या आणि आमच्याकडे वळल्या. "आणि तुम्ही गं? तुम्ही किती प्याला?"

रुक्साना आभाळाकडे पाहायला लागली. बाकीच्या एकमेकींच्या पाठीमागे सरकल्या. सिस्टर घडवंचीकडे गेल्या आणि त्यांनी हंड्याचं झाकण उचललं. सकाळी भरलेला हंडा होता तसा होता. बाजूचाही.

"एवढं गाळलेलं, उकळलेलं पाणी. पूजेला ठेवलंय का?"

काय सांगणार? आम्हाला आधीच्या वर्षीच्या मुलींनीच सांगून पाठवलं होतं. मेळाव्याला जाणारी प्रत्येक तुकडी पुढच्या तुकडीला जे शिकवायची त्यात गाठी कशा मारायच्या हे असायचं, तंबूच्या खुंट्या कशा ठोकायच्या हे असायचं, आणि सगळ्यांत शेवटी, कानात सांगितल्यासारखं, हेही असायचं: पाणी बेतानं प्यायचं. पहाटे अंधारात एकदा जाऊन यायचं, मग दिवस मावळेपर्यंत नाव काढायचं नाही. त्यांना त्यांच्या आधीच्यांनी सांगितलेलं. आमच्या गावातही बायका असंच करायच्या. त्यात सांगण्यासारखं किंवा विचारण्यासारखं काही आहे असं आम्हाला कुणालाच वाटलं नव्हतं.

शौचाचा चर आम्ही नियमाप्रमाणे खणला होता. स्वयंपाकापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. शेजारी मातीचा ढीग आणि फावडं. भोवती चार काठ्यांना गोणपाट गुंडाळलं होतं. ते बसल्यावर खांद्यापर्यंतही पुरायचं नाही. त्या माळावर गुडघाभर झुडूपही नव्हतं. आणि समोर तलावाचा भराव. त्या भरावावर पलीकडच्या मुलांच्या तळावरचे स्काउट सकाळपासून ओळीने उभे राहून झेंड्यांनी एकमेकांना निरोप पाठवायचा सराव करत होते. त्यांचं तरी काय चुकलं? उंचावरून दिसावं म्हणूनच ते तिथे उभे होते.

"गोळ्या देते," सिस्टर म्हणाल्या. "पण नुसत्या गोळ्यांनी भागायचं न्हाई. हिच्या पोटात तांब्यावर तांब्या पाणी गेलं पाहिजे, आन् ते बाहेरही पडलं पाहिजे. दिवस मावळेपर्यंत ताप हलला नाही, तर मी हिला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेणार. आणि घरी निरोप धाडणार."

घरी निरोप म्हटल्याबरोबर सिंधूने सिस्टरांचा हात धरला. "घरी नको. सिस्टर, तेवढं नको."

तिचं काय म्हणणं होतं ते मला ठाऊक होतं. तिच्या वडिलांनी तिला मेळाव्याला पाठवावं म्हणून जंगम बाई स्वतः त्यांच्या वस्तीवर गेल्या होत्या. मी बरोबर होते. ते म्हणाले होते, "पोरगी धडधाकट नेताय, धडधाकट आणा. तिला तिकडं काय झालं, तर तुमचा मेळावाही बास आणि शाळाही बास. सोयरीक आलेलीच आहे." ते वाईट नव्हते. बोललेलं करणारे होते, एवढंच.

सिस्टर गोळ्या देऊन दुसऱ्या तळावर गेल्या. मी पेला भरून सिंधूच्या तोंडाला लावला. तिने एक घोट घेतला आणि तोंड फिरवलं.

"पी."

"न्हाई."

"सिंधे, वेडी हाईस का? घरी निरोप गेला तर?"

"पिऊ, आन् मग जाऊ कुटं?" ती रडायला लागली. "त्या गोणपाटात? तिकडं सगळी वरनं बघत्यात. मी न्हाई जायची. मेले तरी न्हाई."

मी उभी राहिले आणि चहूकडे पाहिलं. माळ नुसता तळहातासारखा पसरला होता. आडोसा म्हणावा असं त्या अख्ख्या माळावर एकच होतं, आणि ते आमच्यापुढे गेरूने रंगून, लुगडं लेवून, पताकांची वाट बघत उभं होतं.

मी लुगड्याची गाठ सोडली.

"ए, काय करतीस?" रुक्साना ओरडली. "तपासणी हाय! उन्हं कलली की मॅडम येतील!"

"येऊ देत."

"प्रवेशद्वार नसलं तर गुण न्हाईत. निशाण गेलं म्हण की!"

"गेलं तर गेलं. सिंधूला नेऊ देऊ का जीपमध्ये?"

रुक्साना क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. ती वादविवादात जिल्ह्यात पहिली आलेली मुलगी, पण तिने वाद तिथेच सोडला. वाकून डाव्या बुरुजाची खुंटी उपटायला लागली. मग बाकीच्याही आल्या. मला सगळ्यांत भीती होती ती सिंधूचीच. तिने ज्या गाठी रात्रंदिवस मनात घोळवून बांधल्या होत्या, त्या आम्ही तिच्या डोळ्यांदेखत सोडत होतो. मी चोरून तिच्याकडे पाहिलं. ती फडकं कपाळाला धरून बुरुजांकडे बघत होती आणि तिचं रडणं थांबलं होतं.

"एकच नेऊ नका," ती म्हणाली. "दोन्ही न्या. आन् समोरासमोर ठेवू नका. एकाचं तोंड दुसऱ्याच्या पोटात घाला."

"म्हंजे कसं?"

"गोमुखी, गं!" एवढ्या तापात ती माझ्यावर खेकसली. "वळून आत जायचं. मग दार लागत न्हाई, पडदा लागत न्हाई, आन् भरावावरनं काय, आभाळातनंसुदिक कुणाला दिसायचं न्हाई. तेवढं वर लुगडं टाका."

आम्ही बुरूज अख्खेच उचलले. एकेक बुरूज चौघींच्या खांद्यावर, मुंग्यांनी साखरेचा दाणा न्यावा तसा. शेजारच्या तळावरच्या मुली आपापली कामं टाकून बघायला लागल्या. भरावावरच्या मुलांचे झेंडेही थांबले. त्यांना काय निरोप पाठवावा ते बहुतेक सुचत नसावं. सिंधू चराजवळ सावली धरून बसली आणि बसल्या जागेवरून हुकूम सोडत राहिली. हा तट्टा हातभर पुढं. ती खुंटी तिरपी. मालन, तुझी गाठ सुटंल, पुन्हा मार. मी संघनायिका, पण त्या दुपारी मी मुकाट्याने गाठ पुन्हा मारली.

लुगडं वर ताणत असतानाच जंगम बाई आल्या.

त्या आधी कमान होती त्या जागी थांबल्या. जमिनीत नुसती भोकं उरली होती. मग त्यांनी आमच्याकडे पाहिलं. एवढी वर्षं त्यांनी आमच्यापेक्षाही जास्त त्या निशाणाची वाट पाहिली होती. शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीत त्यासाठी भिंतीवर खिळासुद्धा ठोकून ठेवला होता, आणि तो त्यांनीच ठोकलेला होता.

"मालन, हे काय आहे?"

"बाई, सिंधू आजारी पडली. ती पाणी पीत नव्हती. कुणीच पीत नव्हतं."

"का?"

मी गोणपाटाकडे बोट दाखवलं. मग भरावाकडे. बाईंनी दोन्हीकडे पाहिलं. माझ्या अंगावर त्या आता तुटून पडणार अशी माझी खात्री होती. त्या सिंधूजवळ गेल्या, तिच्या मानेला हात लावून पाहिला आणि कितीतरी वेळ तिथेच वाकून राहिल्या. उठल्या तेव्हा त्यांनी पदर खोचला.

"ती मागची बाजू वाऱ्याने उडेल," त्या म्हणाल्या. "दोरी द्या इकडे."

बुरूज उभे राहिले. बाईंनी आत मातीचा डबा, पाण्याची बादली आणि साबण स्वतः ठेवला. सिंधू एका दमात दोन पेले पाणी प्यायली, मग आणखी एक. थोड्या वेळाने ती माझ्या खांद्याला धरून चालत गेली आणि वळणात दिसेनाशी झाली. आम्ही सगळ्या उगाच दुसरीकडे बघत, मोठमोठ्याने काहीबाही बोलत उभ्या राहिलो. ती बाहेर आली तेव्हा चेहरा वेदनेने पिळवटलेला होता, पण डोळे हसत होते.

"आतनं लई ब्येस दिसतंय," ती म्हणाली. "गेरूचा उजेड पडलाय."

मग ज्या काही जणी पळाल्या आत, त्यांच्या रांगेचं वर्णन मी करत नाही. हंडे मात्र तासाभरात रिकामे झाले आणि बाईंना दुसरं पाणी उकळायला ठेवावं लागलं.

उन्हं कलली आणि तपासणी आली. पाटणकर मॅडम म्हणजे जिल्ह्याच्या आयुक्त. उंच, ताठ, गाईडचा गणवेश कडक इस्त्रीचा. त्यांचा दरारा फार. कुठल्याही तळावर गेल्या तरी चहाचा घोट घेत नाहीत, सरबत नाही, पाणीसुद्धा नाही, अशी त्यांची ख्याती होती. मुली म्हणायच्या, कुणाचं मिंधं व्हायचं नाही म्हणून. शेजारच्या मोठ्या शाळेने त्यांच्यासाठी लिंबाचं सरबत करून ठेवलं होतं. "नको, आत्ताच झालंय," असं म्हणून त्या पुढे निघालेल्या आम्ही पाहिल्या. त्या शाळेचं प्रवेशद्वार मोराचं होतं. पिसाऱ्याला आरशाचे तुकडे लावलेले. खोटं कशाला बोलू, सुंदर होतं.

मॅडमबरोबर दोन गुरुजी होते, गुण लिहून घ्यायला. त्यांनी आमची मांडणी पाहिली, चुली पाहिल्या, खरकट्याचा खड्डा उघडून पाहिला. सगळीकडे मॅडमची मान होकाराने हलत होती. मग त्या थांबल्या.

"प्रवेशद्वार?"

बाई काही बोलणार एवढ्यात मी एक पाऊल पुढे टाकलं आणि सलाम केला.

"मॅडम, आमचं प्रवेशद्वार तिकडं आहे." मी चराकडे बोट दाखवलं.

एक गुरुजी हसले. "ते तर शौचालय दिसतंय."

"होय सर. दुपारपर्यंत इथं होतं. आमची मुलगी पाणी पीत नव्हती, जायला आडोसा नव्हता म्हणून. तिला ताप भरला. मग आम्ही दरवाजा उचलून तिकडं नेला. गोमुखी आहे, मॅडम. किल्ल्याला असतो तसा. ह्या सिंधूनं बांधलाय."

सिंधू घोंगडीवर टेकून बसली होती. ती उठायला लागली तशी मॅडमनी हातानेच तिला बस म्हटलं. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. त्या चराच्या दिशेने चालायला लागल्या. गुरुजी मागोमाग निघाले तशा थांबल्या.

"तुम्ही इथेच थांबा. आतून मी तपासते."

त्या बुरुजाच्या वळणात गेल्या. बाहेरून नुसती गेरूची भिंत दिसत राहिली.

आम्ही उभ्या. गुरुजी उभे. एकाने घड्याळ पाहिलं, दुसऱ्याने आकाश पाहिलं. वरचं हिरवं लुगडं वाऱ्याने फुगत होतं आणि बसत होतं. बराच वेळ गेला. एवढी काय तपासणी चालली आहे, असं माझ्या मनात आलं. गाठी मोजत असतील का? माझी ती एक गाठ सापडली असेल का? मग आतून बादलीतल्या तांब्याचा आणि पाण्याचा आवाज आला, आणि रुक्सानाने माझ्या कमरेला असा चिमटा काढला की मी ओरडता ओरडता राहिले.

मॅडम बाहेर आल्या. साबणाने हात धुतले, रुमालाने पुसले. चालत आमच्या ओळीपर्यंत आल्या. त्यांचा तो ताठ चेहरा एकदम वेगळा दिसत होता, दिवसभर डोक्यावर असलेली पाटी कुणीतरी उतरवून घेतल्यासारखा.

"प्यायला पाणी आहे?" त्यांनी विचारलं.

मी ओगराळ्याने पेला भरून दिला. त्या उभ्यानेच प्यायल्या. पेला पुढे केला. मी पुन्हा भरला. तोही प्यायल्या. तिसऱ्यांदाही मी काठोकाठ भरून दिला.

"सकाळी घरून निघाले, तेव्हापासून..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. गुरुजींकडे पाहिलं आणि वाक्य तसंच सोडलं. मग जंगम बाईंकडे वळल्या. "बाई, किती वर्षं मेळाव्याला येताय तुम्ही?"

"बारा," बाई म्हणाल्या.

"आणि तुम्ही?"

रिकामा पेला किंचित वर करत मॅडमनी काय विचारलं ते गुरुजींना कळलं नाही. आम्हाला कळलं. बाईंनी खाली ठेवलेला आपला फिरकीचा तांब्या उचलला. तो दुपारी मी सांडल्यावर कुणीतरी भरून ठेवला होता आणि पुन्हा तसाच भरलेला होता. बाईंनी फिरकी काढली, आणि आमच्यासमोर, मान मागे टाकून, घटाघटा पाणी प्यायल्या. पाणी हनुवटीवरून ओघळत होतं तरी थांबल्या नाहीत. बारा वर्षं त्या आम्हाला स्वच्छ पाणी कसं करायचं ते शिकवत आल्या होत्या. बाईंना पाणी पिताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

माझा ऊर असा भरून आला की मला वाटलं, गणवेशाची बटणं तुटतील.

"प्रवेशद्वाराचे गुण मात्र मला देता येणार नाहीत," मॅडम जाताना म्हणाल्या. "नियम सगळ्यांना सारखा."

"होय, मॅडम," मी म्हणाले आणि असा कडक सलाम ठोकला की तसा आयुष्यात पुन्हा जमला नाही. मॅडमनी मला उलट सलाम केला. मग घोंगडीवर बसलेल्या सिंधूकडे वळल्या आणि तिला वेगळा केला.

दिवस मावळताना सिस्टर आल्या. सिंधूचा ताप उतरणीला लागला होता. जीप निघाली नाही, निरोप गेला नाही. सिस्टर जाता जाता बुरुजाकडे वळल्या आणि बऱ्याच वेळाने पुढच्या तळावर गेल्या.

सकाळी निशाण मोठ्या शाळेला मिळालं. मोराला पैकीच्या पैकी गुण होते, ते मिळायलाच हवे होते. आम्ही टाळ्या वाजवल्या. रुक्साना जरा जास्तच जोरात वाजवत होती. मग त्यांची संघनायिका निशाण खांद्यावर घेऊन, मागे सगळी पलटण घेऊन, नेहमीसारखी आमच्या तळावरून निघाली. आम्ही मान वर करून उभ्या राहिलो.

ती आमच्यासमोर आली आणि थांबली. आमच्या बुरुजांकडे एव्हाना शेजारपाजारच्या तळांवरच्या मुलींची रांग लागली होती. पहाटेपासून ती तुटलेलीच नव्हती. तिने रांगेकडे पाहिलं, मग भरावाकडे, मग माझ्याकडे. गोरीमोरी झाली.

"आम्ही... म्हणजे, आम्ही पण जाऊ का?"

"रांगेत उभी राहा," मी म्हणाले.

ती उभी राहिली. तिच्यामागे तिची पलटण. तिची पाळी आली तेव्हा तिची पंचाईत झाली. त्या वळणातून एवढ्या लांब काठीचं निशाण आत नेता येईना आणि बाहेर जमिनीवर टेकवता येईना. बुरुजाशी सिंधू बसली होती, हातात पाण्याचा पेला, अंगावर घोंगडी. मुलीने निशाण तिच्यापुढे केलं.

"जरा धरतेस?"

सिंधूने पेला संपवला, खाली ठेवला आणि उठून उभी राहिली. निशाण दोन्ही हातांनी धरलं. निळं रेशीम तिच्या डोक्यावर फडफडायला लागलं. आम्ही सगळ्या बघत होतो. जंगम बाई चुलीपाशी उभ्या राहून बघत होत्या आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला होता.

ती मुलगी गोमुखी वळणात दिसेनाशी झाली.

"सावकाश होऊ दे गं," सिंधूने तिला बाहेरून सांगितलं. "मी धरून हाय."